दुसऱ्याचे मनगट हातात घेताना

ठाण्यात एका शाळेच्या सभागृहात संध्याकाळी भरणाऱ्या आयकिदो या जपानी युद्धकलेच्या वर्गात मी चाळिशीनंतर दाखल झाले, आणि मनगटाचा पहिला लॉक (सांधा त्याच्या मर्यादेपर्यंत वळवून समोरच्याला ताब्यात घेण्याचा डाव), म्हणजे कोतेगाएशी, शिकण्याची पाळी येईपर्यंत मला अनेक महिने केवळ पडायला शिकवले गेले. हा क्रम आमच्या सेन्सेईंनी, म्हणजे शिक्षकांनी, विचारपूर्वक ठरवलेला आहे. कोतेगाएशीत ज्याच्यावर डाव होतो तो शेवटी मागे पाठीवर पडतो. ज्याला असे पडता येत नाही तो घाबरून उभे राहण्याची धडपड करतो, आणि त्या धडपडीत त्याचे अंग एका दिशेला व हात दुसऱ्या दिशेला गेला की मनगट पिळले जाते. पडण्याची भीती गेलेला माणूस मात्र हातावर ताण येताच अंगानेच ताणाच्या दिशेला जातो आणि सांधा मोकळा राहतो. म्हणूनच मनगटाच्या लॉकची सुरक्षितता मनगटापासून सुरू होत नाही, ती पडण्यापासून सुरू होते, हे मी सर्वांत आधी नोंदवून ठेवते.

मागे पडण्यातही मनगटाचाच विचार मोठा आहे. हनुवटी छातीकडे ओढून घ्यायची, पाठ गोल करायची, एक गुडघा वाकवून कंबर टाचेजवळ उतरवायची आणि मोकळ्या हाताचा तळवा व पुढचा हात, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग, मिळून मॅटवर एकदमच आपटायचा. मात्र हात मागे टेकवून शरीर पेलण्याचा प्रयत्न कधीही करायचा नाही. पडताना हात पुढे किंवा मागे टेकवणे ही माणसाची सहजप्रवृत्ती आहे, आणि मनगटातले स्कॅफॉइड नावाचे लहानसे हाड मोडण्याचे सर्वांत नेहमीचे कारणही तेच आहे. अंगठा ताणला की त्याच्या बुडाशी जो खळगा दिसतो त्याच्या तळाशी हे हाड असते. त्याला रक्तपुरवठा बेताचा असल्यामुळे ते सावकाश भरून येते. सेन्सेईंनी पहिल्याच आठवड्यात आम्हा सर्वांना तो खळगा स्वतःच्या हातावर चाचपून पाहायला लावला होता आणि सांगितले होते, की पडल्यानंतर इथे दाबून दुखले तर साधी मुरगळ समजून गप्प बसू नका, डॉक्टरांकडे जाऊन फोटो काढून घ्या.

आयकिदोत या लॉकला जे महत्त्व आहे त्यामागे इतिहास आहे. संस्थापक मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) यांनी होक्काइडोत सोकाकू ताकेदा यांच्याकडे दाइतो-र्‍यू ही जुजुत्सूची, म्हणजे जुन्या जपानी झटापटीच्या कलेची, परंपरा शिकली, आणि मनगट, कोपर व खांदा यांच्यामार्फत समोरच्याचा तोल काढण्याची आयकिदोची पद्धत बव्हंशी तिथूनच आली. जुदोतही मनगटाचे लॉक आहेत, पण ते १९५६ साली तयार झालेल्या कोदोकान गोशिन-जुत्सूसारख्या कातामध्ये, म्हणजे ठरलेल्या क्रमाच्या सरावात. स्पर्धेत जुदोचे नियम फक्त कोपराच्या लॉकला परवानगी देतात. हा फरक मला फार बोलका वाटतो. जिंकण्याची घाई असलेल्या दोन माणसांमध्ये मनगटासारखा लहान सांधा पणाला लावून चालत नाही, हे त्या क्षेत्रातल्या जाणत्यांनी ओळखले होते. आयकिदोच्या बहुतेक शाखांमध्ये स्पर्धाच नसते, दोघे आळीपाळीने एकमेकांना आपले शरीर सरावासाठी देतात, आणि त्यामुळेच हा डाव तिथे वर्षानुवर्षे करता येतो.

सरावाला उभे राहण्यापूर्वी बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवायचे आणि नखे कापलेली असायची, हा नियम वरवर शिस्तीचा वाटतो, पण लॉकच्या वेळी माझा अंगठा जोडीदाराच्या अनामिकेच्या पेराजवळच रुतत असल्यामुळे त्या बोटात अंगठी असणे दोघांनाही इजा करू शकते. त्यानंतर प्रत्येक जण स्वतःचे मनगट स्वतःच्या दुसऱ्या हाताने त्याच दिशेला हळूहळू दुमडून मोकळे करतो. हा व्यायाम मी घरीही करते. त्यातून मला माझ्या दोन मनगटांतला फरक कळला: उजवे बरेच जास्त वाकते, डावे लवकर अडते. स्वतःच्या दोन हातांत इतके अंतर असेल तर दुसऱ्या माणसाच्या हाताबद्दल आधीच काही गृहीत धरणे चुकीचे ठरेल, एवढे त्यातून मनावर ठसते.

माझे जोडीदार साठीच्या आसपासचे तबलावादक आहेत. मी त्यांना काका म्हणते आणि ते मला ताई म्हणतात. सेन्सेईंनी आमची जोडी लावली तेव्हा काकांनी सगळ्यांसमोर शांतपणे सांगितले, “ताई, हा उजवा हात माझं पोट भरतो. डाव्या हातावर तुम्ही पूर्ण करा, उजव्यावर मी थांबा म्हणेन तिथे थांबा.” त्यांच्या उजव्या तर्जनीच्या टोकाला सततच्या वादनाने आलेला कडकपणा माझ्या हाताला लागतो, आणि त्या स्पर्शाने मला दर वेळी आठवण राहते की मी काय धरले आहे. सेन्सेईंनी त्यांची अट तत्काळ मान्य केली आणि आम्हा इतरांनाही सांगितले, की मर्यादा ठरवण्याचा अधिकार ज्याचे मनगट आहे त्याचाच. त्यासाठी कारण देण्याची गरज नाही.

आम्ही सुरुवात केली ती सर्वांत साध्या हल्ल्यापासून. ज्याच्यावर डाव होतो तो उके, डाव करणारा नागे. काका उके झाले की ते उजव्या हाताने माझे उजवे मनगट समोरून धरतात. मी त्यांच्या रेषेतून बाजूला पाऊल टाकून वळते आणि डाव्या हाताने त्यांचा उजवा हात अशा रीतीने घेते, की माझा अंगठा त्यांच्या हाताच्या पाठीवर, अनामिका आणि करंगळी यांच्या मुळांच्या मधल्या खोबणीत बसतो व माझी उरलेली बोटे त्यांच्या अंगठ्याखालच्या मांसल भागाभोवती येतात. कित्येक संध्याकाळी आम्ही एवढेच केले: धरायचे, सोडायचे, पुन्हा धरायचे. सेन्सेई अंगठा तपासत. तो मनगटाच्या सांध्यावर घसरला असेल तर ताण थेट सांध्यात जातो आणि बोटांच्या पेरांकडे फार पुढे गेला असेल तर एकटे बोट मुडपले जाते. त्या खोबणीत असेल तेव्हाच पूर्ण हात एकत्र, एका तुकड्यासारखा हलतो. लॉकमध्ये एखादे बोट वेगळे पकडण्याची आमच्याकडे सक्त मनाई आहे.

त्यापुढची पायरी दुमडण्याची. इथे सेन्सेईंनी थोडे शरीरशास्त्र सांगितले, आणि ते सांगितल्याशिवाय कुणीही हा डाव शिकवू नये असे माझे मत झाले आहे. मनगटात आठ लहान हाडे दोन ओळींत बसलेली असतात आणि ती अस्थिबंधांनी एकमेकांना बांधलेली असतात. आपण हात उताणा-पालथा करतो तेव्हा मात्र ते फिरणे मुख्यतः मनगटात होत नाही. कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन लांब हाडांपैकी एक हाड दुसऱ्याभोवती फिरते. हे फिरणे जिथे संपते तिथून पुढे कुणी जोराने पीळ देत राहिले तर तो उरलेला पीळ मनगटाच्या अस्थिबंधांवर आणि करंगळीच्या बाजूला असलेल्या कूर्चेवर येतो. म्हणून हात बाहेरच्या दिशेला नुसता पिळायचा नाही. आधी तळहात उकेच्याच पुढच्या हाताकडे दुमडायचा, कोपर वाकलेले राहू द्यायचे, आणि मग तो दुमडलेला हात किंचित बाहेर वळवत जमिनीच्या दिशेने न्यायचा. असे केले की बळ मनगटात अडकून राहत नाही, ते कोपरात, खांद्यात आणि तिथून कमरेत जाते आणि माणूस मागे कलतो.

पण बळ पुढे गेले की मनगटातच अडकले हे नवशिक्याला कसे समजावे? सेन्सेईंनी दिलेले उत्तर हे या साऱ्या शिक्षणातले सर्वांत मोलाचे सूत्र आहे. त्यांनी मला मनगटाकडे पाहायचे बंद करायला लावले आणि काकांच्या पायांकडे पाहायला सांगितले. मी दुमडणे सावकाश वाढवत गेले आणि एका जागी काकांच्या पायाची बोटे मॅटवरून अलगद उचलली गेली. त्यांचे वजन टाचांवर गेले होते. त्यांच्या चेहऱ्यावर वेदना नव्हती. डाव तिथेच झालेला होता, त्यापुढे मनगटावर आणखी काही करण्याची गरज उरली नव्हती, फक्त मला डावा पाय गोलाकार मागे घेऊन कंबर वळवायची होती आणि काका बसते झाले. याउलट पाय मॅटवर घट्ट असताना उकेचा चेहरा आक्रसला तर समजावे की लॉक सांध्यावर लागला आहे, तोलावर लागलेला नाही. अशा वेळी जोर वाढवणे हा उपाय नसतो, थांबून आपली जागा, अंतर आणि दिशा सुधारणे हाच असतो. बरोबर लागलेला लॉक दुखण्याआधी हलवतो. सुरक्षितता ही डावावर वरून घातलेली काळजी नव्हे, ती डावाच्या अचूकपणातच आहे, हे मला त्या उचललेल्या बोटांनी पटवले.

ताण वाढवण्याची रीतही स्वतंत्रपणे शिकावी लागते. प्रत्येक सांध्यात थोडी ढील असते. ती संपेपर्यंत समोरच्याला काहीच जाणवत नाही, आणि ती संपल्यावर अगदी थोड्या हालचालीचाही परिणाम मोठा होतो. विहिरीत सोडलेल्या दोराची ढील संपून कळशीचे वजन हाताला लागावे तसा तो क्षण हाताला स्पष्ट कळतो, पण सावकाश गेल्यासच. झटका दिला तर तो क्षण सापडत नाही, आपण त्याच्या पलीकडे जाऊन पोहोचतो आणि उकेला थांबा म्हणायलाही वेळ मिळत नाही. त्यामुळे सुरुवातीचे कित्येक आठवडे आमच्यासाठी नियम होता, की ढील संपली की एक श्वास थांबायचे, आणि मगच पुढे जायचे.

थांबण्याची खूण म्हणजे हाताने दोनदा थोपटणे: मॅटवर, स्वतःच्या मांडीवर किंवा नागेच्या अंगावर, जिथे हात पोहोचेल तिथे, ऐकू येईल अशी. हात अडकलेला असेल तर तोंडाने ‘थांबा’ म्हणायचे. खूण मिळाली की आधी ताण सोडायचा, मात्र हात एकदम टाकून द्यायचा नाही, कारण तोल गेलेला माणूस त्याच हाताच्या आधाराने उभा असतो. हे सर्वांना सांगितले जाते. कमी सांगितले जाते ते असे, की वेदनेची वाट पाहून थोपटणे म्हणजे उशिरा थोपटणे. काही मनगटे ताठ असतात आणि लवकर दुखतात. काही इतकी लवचिक असतात की शेवटपर्यंत काहीच दुखत नाही आणि मग अस्थिबंधाची मर्यादा एकदमच येते. आमच्या वर्गात महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी आहे, तिचे तळहात सहज पुढच्या हाताला टेकायला जातात, आणि तिला सेन्सेईंनी दुखण्यावर नव्हे तर ढील संपल्याच्या जाणिवेवर थोपटायची सवय लावली. मलाही तीच सवय अधिक योग्य वाटते. सहनशक्ती दाखवण्याची ही जागा नाही.

आणखी एक बारकावा वाचकांनी आत्ता बसल्या जागी करून पाहावा. बोटे सैल सोडून मनगट आतल्या बाजूला वाकवा. मग घट्ट मूठ वळून तसेच वाकवा. मुठीने ते लक्षणीय कमी वाकेल, कारण बोटे सरळ करणाऱ्या कंडरा हाताच्या पाठीवरून जातात आणि मूठ वळताच त्या ताणल्या जातात. पोटाच्या रोखाने येणाऱ्या ठोशावर कोतेगाएशी करताना समोरच्याची मूठ बंद असते, म्हणजे ढील फार थोडी असते आणि मर्यादा अपेक्षेपेक्षा लवकर येते. मनगट धरण्यावर डाव नीट येऊ लागल्यावर आम्ही ठोशावर आलो तेव्हा सेन्सेईंनी या कारणास्तव वेग पुन्हा सुरुवातीइतका खाली आणला.

उकेची जबाबदारी नागेइतकीच असते. हात लाकडासारखा ताठ करणे, डाव कळलेला असल्यामुळे आधीच अंग उलट दिशेला वळवणे, शेवटच्या क्षणी हात हिसकणे, या तीनही गोष्टींनी नागेच्या सावकाशपणाचा काही उपयोग उरत नाही. उकेने पकड प्रामाणिक ठेवायची, कोपर जड व खाली ठेवायचे आणि ताण येईल तिकडे छाती वळवत राहायचे. ढिला पडून आपणहून पडणेही योग्य नाही, कारण मग नागेला खरा प्रतिसाद मिळत नाही आणि तो चुकीचे तंत्र बरोबर समजून बसतो. काका या कामात माझ्यापेक्षा कितीतरी पुढे आहेत. ताल धरणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या हालचालीचा अंदाज आधी येत असावा.

हे सगळे इतक्या तपशिलात लिहिण्याचे कारण मी स्वतः भोगलेले आहे. अन्यत्र झालेल्या एका खुल्या सरावात मला एक अपरिचित जोडीदार मिळाले. शरीराने बलवान आणि आपला डाव किती परिणामकारक आहे हे दाखवण्यास उत्सुक. त्यांनी माझा उजवा हात धरला तो बरोबर, पण ढील संपण्याची वाट न पाहता बाहेरच्या दिशेला एकच झटका दिला. मी पडले ते व्यवस्थित पडले, थोपटण्याला मात्र अवकाशच मिळाला नव्हता. त्या रात्री मनगट फारसे सुजले नाही; दुसऱ्या दिवशी कुलपात किल्ली फिरवताना आणि ओले कपडे पिळताना करंगळीच्या बाजूला कळ येऊ लागली. अस्थिरोगतज्ज्ञांनी तपासून ती बाजूची कूर्चा दुखावल्याचे सांगितले, पट्टा दिला आणि पीळ पडेल अशी सगळी कामे बंद करायला लावली. ही कळ पूर्ण जायला काही महिने गेले. राग मला त्या व्यक्तीपेक्षा त्या वातावरणाचा आला, कारण तिथे उपस्थित जाणत्यांपैकी कुणीही सरावाआधी वेगाबद्दल, खुणेबद्दल किंवा मर्यादेबद्दल एक वाक्यही बोलले नव्हते. अनोळखी माणसांना एकमेकांची मनगटे हाती द्यायची असतील तर हे बोलणे ही शिकवणाऱ्याची पहिली जबाबदारी आहे.

परत आल्यावर सेन्सेईंनी मला डाव बंद ठेवायला लावले, वर्ग बंद ठेवायला लावला नाही. मी पावले, वळणे आणि अंतर यांचा सराव केला, उके म्हणून फक्त डावा हात दिला. हात पूर्ववत झाल्यावर माझ्यावर पहिला कोतेगाएशी काकांनी केला, आणि तो इतक्या हलक्या हाताने केला की माझी बोटे मॅटवरून उचलली जाईपर्यंत मला मनगट आठवलेही नाही.

डावाचा शेवट जमिनीवर होतो. उके पाठीवर पडला की नागे हात न सोडता एक हात कोपरावर ठेवतो, डोक्याच्या बाजूने फिरतो आणि उकेला पोटावर वळवून दंड उभा धरतो. इथे भार मनगटावरून खांद्यावर जातो, म्हणून थोपटण्याची खूण पुन्हा नव्याने लागू होते. हा भाग घाईने उरकण्याकडे सर्वांचा कल असतो, कारण मन डाव संपला असे समजून मोकळे झालेले असते. आमच्याकडे वळवताना थांबून उकेचे तोंड बाजूला आहे ना, मान मोकळी आहे ना, हे पाहिल्यावरच पुढे जातात.

वर्गात येणाऱ्या लहान मुलांना सेन्सेई सांध्याचे लॉक लावू देत नाहीत, कारण त्यांच्या हाडांच्या टोकाशी वाढीचा भाग अजून कोवळा असतो. मुले तीच पावले, तेच वळण करतात आणि शेवटी हात नुसता खाली नेऊन जोडीदाराला बसवतात. एका पालकांनी मुलाला खरे डाव कधी शिकवणार म्हणून विचारले होते, तेव्हा सेन्सेई म्हणाले, “तो जे करतो आहे त्यातला निम्म्याहून अधिक भाग खराच डाव आहे.” मोठ्यांच्या सरावातून आलेल्या अनुभवाने मला हे पूर्ण पटते.

सध्या काका आणि मी ठोशावरचा कोतेगाएशी मध्यम वेगाने करतो. प्रत्येक फेरीआधी उके वेग सांगतो आणि नागे तो ऐकून होकार देतो. काकांची मैफल जवळ आली की त्या आठवड्यात त्यांच्या उजव्या हातावर आम्ही फक्त पकड आणि पाऊल एवढेच करतो, दुमडत नाही. आणि त्या सरावात माझा अंगठा पूर्वीपेक्षा अचूक बसू लागला आहे, असे सेन्सेईंचे निरीक्षण आहे.